सहा दिवसांसाठी जाताना

चि. बाळ,
जय ख्रिस्त.

रविवारी उपासनेनंतर पाळकसाहेबांनी तरुण संघाच्या सेवा सहलीचं सांगितलं आणि पुढे कोण होणार म्हणून विचारलं. सगळे मान खाली घालून बसले होते, तेव्हा तुझा हात वर गेला. मागच्या बाकावरून मी ते पाहिलं आणि मन भरून आलं. म्हणून हे पत्र. नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूर भागातल्या गावांत सहा दिवस जायचं ठरतंय म्हणे. त्याआधी माझ्या पहिल्या सहलीचं तुला सांगायला हवं.

बावीस पोरं घेऊन मी मे महिन्यात एका आदिवासी वाडीवर गेले होते. शाळा रंगवायची, मुलांचे खेळ घ्यायचे, संध्याकाळी भजनं म्हणायची, असं सगळं इथे बसून ठरवलेलं. पोचलो तेव्हा सगळे धुळीनं माखलेले. शाळेजवळ सिमेंटची टाकी होती. पोरांनी अंघोळी केल्या, कपडे धुतले. निदान तीस बादल्या, म्हणजे साडेचारशे लिटर पाणी गेलं असेल. सकाळी एक बाई डोक्यावर दोन हंडे आणि कडेवर कळशी घेऊन आली. तिनं तोटी फिरवली. नुसती हवा फुसफुसली. तिनं तोटी बंद केली, दोरीवर वाळत घातलेल्या आमच्या कपड्यांकडे एकदा पाहिलं आणि काही न बोलता नाल्याकडे वळली, झिरा उकरायला. टँकर चार दिवसांनी यायचा, हे आम्हाला नंतर कळलं. पोरांची चूक नव्हती, माझी होती. मी कुणाला विचारलंच नव्हतं. शाळेच्या भिंती आम्ही रंगवल्या खऱ्या, पण त्या रंगवा असंही त्या गावानं कधी म्हटलं नव्हतं.

विचारणं म्हणजे काय, हे आपल्याच नगर जिल्ह्यात शिकायला मिळतं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० मध्ये जामखेडला आले. दोघंही वेल्लोरला शिकलेले. त्यांच्या मनात दवाखाना होता, पण लोक म्हणाले, आधी पाणी आणि पोटाला अन्न. त्यांनी ते ऐकलं. पुढे ज्या बायकांना अक्षरओळखही नव्हती, त्यांनाच गावची आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, पण मला मोठं वाटतं ते त्यांचं ऐकणं.

आणखी एक गोष्ट मनात ठेव. आज आपण मिशनला निघालो आहोत, पण आपल्या पणज्यांकडे एके काळी मिशन आलं होतं. अमेरिकन मराठी मिशन नगरला १८३१ मध्ये सुरू झालं. या मिशनच्या शिक्षिका सिंथिया फॅरार १८२७ मध्ये मुंबईत आल्या आणि पुढे नगरला मुलींच्या शाळा चालवत वर्षानुवर्षं राहिल्या. १८४८ मध्ये जोतीराव फुले त्यांची शाळा पाहून गेले. त्या इथेच राहिल्या म्हणून हे घडलं. तू सहा दिवसांसाठी चालली आहेस. सहा दिवसांत गाव बदलत नाही, आणि बदलायला आपण निघालोही नाही. तिथे मावची आदिवासींच्या ख्रिस्ती मंडळ्या आहेत, त्यांचे पाळक आहेत, वर्षभर राबणारे शिक्षक आणि नर्सबाई आहेत. त्यांच्या हातातलं काम सहा दिवस हलकं करायचं, एवढंच आपलं सेवाकार्य. तिथला पाळक म्हणाला, प्रार्थनाघराचे पत्रे बदलू या, तर पत्रे बदलायचे. म्हणाला, नुसते बसा आणि म्हाताऱ्यांशी बोला, तर बसायचं. तिथे घरात मावची भाषा बोलली जाते, म्हणून तिथलाच एखादा तरुण दुभाष्या म्हणून बरोबर घे आणि त्याला पुढे बसव.

जायच्या निदान महिनाभर आधी एक फेरी मार. सरपंच आणि पोलीस पाटलांना भेटून काय करणार ते मोकळेपणानं सांग. पाणी कुठलं, ते किती दिवस पुरतं, मुलींसाठी शौचालय कुठे, जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र किती लांब, हे वहीत लिहून आण. मे टाळ, दिवाळीच्या सुटीत जा.

पुढच्या बाबतीत मी कुणालाच सवलत देत नाही. अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाच्या पालकांचं लेखी संमतीपत्र हवं. बरोबर किमान दोन बायका आणि दोन पुरुष जबाबदार हवेत, आणि कुणीही मोठं माणूस कुठल्याही मुलासोबत बंद खोलीत एकटं राहायचं नाही. ओळखीचा असो, मंडळीतला मान्यवर असो. एखाद्या मुलानं किंवा मुलीनं येऊन काही वाईट सांगितलं, तर 'मंडळीची अब्रू' म्हणून गप्प बसू नकोस. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि कायदा नसता तरी मी तुला हेच सांगितलं असतं.

तिथल्या लेकरांचे फोटो त्यांच्या आईबापांना विचारल्याशिवाय काढू देऊ नकोस. आपण बिस्किटं वाटतोय आणि ती हात पुढे करतायत, असा फोटो तर विचारूनही नको. तुझा फोटो असा कुणी लावला असता तर तुझ्या आईला काय वाटलं असतं?

पैशांचा हिशेब रोज रात्री लिही, चहाच्या पाच रुपयांसकट, आणि परत आल्यावर मंडळीसमोर स्वतः वाचून दाखव. ओआरएसची पाकिटं, तापाच्या गोळ्या, मलमपट्टी माझ्याकडून घेऊन जा.

पहिल्या फेरीला एकटी जाऊ नकोस, मी येते. नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे, तिथल्या बाकावर बसून डबा खाऊ. येत्या शनिवारी संध्याकाळी वही घेऊन घरी ये, कोणकोणते प्रश्न विचारायचे ते आपण बसून लिहू. आणि तुझ्या संघातला जो सगळ्यात कमी बोलतो, त्याला बरोबर आण. पाण्याची चौकशी त्याच्याकडे देऊ.

तुझी,
मावशी