लिंबू लावल्यावर चरचरतं, म्हणजे गुण येतोय का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय चोवीस, चेहरा तेलकट, गालांवर पुळ्यांचे डाग, केस गळतायत आणि कोंडाही आहे. बाजारातल्या बाटल्या नकोत, स्वयंपाकघरातल्या वस्तूंवर भागवायचं आहे. सध्या लिंबाच्या रसात खाण्याचा सोडा कालवून आठवड्यातून तीनदा चेहऱ्याला लावता. "चरचरतं, म्हणजे गुण येतोय ना?" असं विचारलंय, आणि जाता जाता केसांना अंडं लावावं का, हेही.

नाही. चरचरणं ही त्वचेची तक्रार असते. मी डॉक्टर नाही, पण पंधरा-सोळा वर्षं हे घरगुती प्रयोग करत आलेय आणि हा धडा मला लिंबानेच दिलाय.

कॉलेजात असताना हात आणि कोपरं उजळ करायचं खूळ डोक्यात शिरलं होतं. अर्धं लिंबू साखरेत बुडवून दोन्ही हातांवर खसाखसा घासलं, आणि "उन्हात वाळू दिलं की जास्त फरक पडतो" असं कुणीतरी सांगितलेलं म्हणून तशीच गच्चीत जाऊन बसले. त्या दिवशी काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हात लालबुंद झाले, तिसऱ्या दिवशी फोड आले. फोड बसल्यावर मनगटापासून कोपरापर्यंत तपकिरी ओघळ उरले, रस जसा वाहत गेला होता अगदी त्याच आकाराचे. त्वचेच्या डॉक्टरांनी ते ओघळ बघितले आणि मी तोंड उघडायच्या आत विचारलं, "लिंबू पिळलंत आणि उन्हात गेलात?" ते डाग जायला कितीतरी महिने लागले. उजळ व्हायला निघाले होते, काळी होऊन परत आले.

लिंबात, खास करून सालीत, सोरॅलेन जातीची द्रव्यं असतात. ती त्वचेवर असताना ऊन लागलं की अतिनील किरणांनी जागी होतात आणि पेशी भाजतात. त्रास लगेच होत नाही, एक-दोन दिवसांनी दिसतो, त्यामुळे लिंबावर कुणाचा संशयच जात नाही.

ऊन टाळलं तरी आम्लाचा प्रश्न उरतोच. निरोगी त्वचेचा पीएच (आम्ल मोजायचं माप, आकडा जितका लहान तितकं आम्ल जास्त) साधारण ४.५ ते ५.५ असतो, म्हणजे ती मुळातच किंचित आंबट असते. लिंबाच्या रसाचा पीएच २ ते २.५. हे आकडे दिसायला जवळजवळ वाटतात, पण पीएचमध्ये एका अंकाचा फरक म्हणजे दहापट, तेव्हा लिंबू तुमच्या त्वचेपेक्षा शेकडो पट जास्त आम्ल आहे. त्यातल्या "क" जीवनसत्त्वाचं कौतुक तुम्हीही केलंय. १०० ग्रॅम रसात ते सुमारे ३० ते ४० मिलिग्रॅम असतं, सायट्रिक आम्ल मात्र पाच-सहा ग्रॅम. म्हणजे "क" जीवनसत्त्वापेक्षा कितीतरी पट जास्त तुम्ही सायट्रिक आम्लच लावताय.

आता त्यात सोडा. सोड्याच्या पाण्याचा पीएच ८ च्या थोडा वर, म्हणजे पार दुसरं टोक. दोन्ही एकत्र केलं की फसफसतं आणि आपल्याला वाटतं, मळ सुटतोय. प्रत्यक्षात आम्ल आणि सोडा एकमेकांशीच भांडत असतात आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. तुमच्या मळाशी त्या दोघांचं काही देणंघेणं नाही. भांडण संपल्यावर जे जास्त उरेल ते त्वचेला सोसावं लागतं, आणि चमच्याच्या अंदाजाने नेमकं काय उरलंय हे कुणालाच सांगता येत नाही. तेव्हा हे मिश्रण आजपासून बंद. बदली काही शोधू नका, आधी दोन आठवडे चेहऱ्याला जरा श्वास घेऊ द्या.

केस सोड्याने धुणाऱ्यांनाही हेच. धुतल्यावर केस बोटांत करकर वाजतात आणि माणूस खूश होतो, "किती स्वच्छ!" केसावर खवल्यांसारखं आवरण असतं. सोड्याच्या अल्कधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाच्या, पाण्यात केस फुगतो, खवले उचलले जातात आणि एकमेकांत अडकतात. तो आवाज त्यांचा असतो.

मग उपयोगाचं काय? माझ्या अनुभवात, ज्या वस्तू लावल्यावर काहीच होत नाही असं वाटतं, त्याच कामाच्या निघतात.

चेहरा चिडलेला असताना माझा पहिला हात ओट्सकडे जातो. हे नुसतं आजीबाईंचं औषध नाही. अगदी बारीक दळलेल्या ओट्सना अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००३ साली त्वचेचं रक्षण करणारा पदार्थ म्हणून मान्यता दिली आहे. त्यात खाज आणि लाली कमी करणारी अव्हेनँथ्रामाइड नावाची द्रव्यं असतात. गोम दळण्यात आहे. साधे, बिनसाखरेचे, बिनमसाल्याचे ओट्स मिक्सरमधून पिठासारखे काढा आणि एक चमचा पीठ ग्लासभर पाण्यात ढवळून बघा. पाणी दुधाळ झालं आणि पटकन तळाशी बसलं नाही, तर जमलं. भरड राहिलं तर नुसता चोथा चेहऱ्यावर चिकटेल. कोमट पाण्यात कालवून पातळ लेप द्या, दहा मिनिटांनी धुवा, टॉवेलने टिपून घ्या. लेप पूर्ण वाळून त्वचा ताणली जाईपर्यंत ठेवायची हौस करू नका. घासायचं तर नाहीच.

मधही चालतो, ओल्या चेहऱ्यावर पातळ थर, पंधरा मिनिटं. तो पाणी धरून ठेवतो, त्यामुळे धुतल्यावर कातडी मऊ लागते. परागकणांची किंवा मधमाशीच्या पदार्थांची अ‍ॅलर्जी असेल तर नको. साधं दहीही ठीक: त्यात लॅक्टिक आम्ल साधारण एक टक्का आणि पीएच साडेचारच्या आसपास, म्हणजे त्वचेच्या घरातलंच. बाटलीतल्या लॅक्टिक आम्लात पाच-दहा टक्के असतं, तेव्हा दह्याने डाग जातील अशी आशा ठेवू नका. थोडा मऊपणा येतो, तेवढंच. डाळीचं पीठ जास्तीचं तेल टिपून घेतं, तुमच्या तेलकट चेहऱ्याला आठवड्यातून एकदा चालेल. हळदीचा मला तरी एकच खात्रीचा परिणाम दिसलाय, उशीची खोळ पिवळी होते.

साखर, मीठ किंवा कॉफीचा चोथा चेहऱ्यावर घासू नका. टाचांना खुशाल घासा. पुळ्या असलेल्या चेहऱ्यावर घासणं म्हणजे पुळी फोडून शेजारी नेऊन सोडणं. आणि लसूण पुळीवर ठेवण्याचा सल्ला वाचला असेल तर विसरा, कच्च्या लसणाने खरोखर भाजतं.

तेलांबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण केसांना तेल लावावं का आणि डोक्याच्या त्वचेला लावावं का, याची दोन अगदी उलटी उत्तरं आहेत.

खोबरेल केसाच्या दांड्यासाठी खरंच चांगलं आहे. २००३ साली एका सौंदर्यप्रसाधनविषयक शास्त्रीय नियतकालिकात खनिज तेल, सूर्यफूल तेल आणि खोबरेल यांची तुलना प्रसिद्ध झाली होती. केसातून निघून जाणारी प्रथिनं त्यात फक्त खोबरेलाने कमी केली. खोबरेलात निम्म्याच्या आसपास लॉरिक आम्ल असतं. त्याचा रेणू लहान आणि सरळ, म्हणून तो केसात शिरतो, बाकीची तेलं बरीचशी वरवर राहतात. केस भिजला की फुगतो, वाळला की आक्रसतो आणि वारंवार असं होऊन तो झिजतो. आधीच तेल मुरलेलं असेल तर पाणी कमी शिरतं. म्हणून तेल धुण्याच्या आधी, तासभर, मधल्या लांबीला आणि टोकांना. वाटीभर नको, चमचाभर पुरतं.

पण डोक्याच्या त्वचेला, आणि तेही कोंडा असताना, नको! कोंड्यामागे बहुतेक वेळा मॅलसेझिया नावाची यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी, असते. ती प्रत्येकाच्याच डोक्यावर असते आणि तिचं जेवण म्हणजे तेलातली स्निग्धाम्लं. कोंडा म्हणजे कोरडेपणा असं समजून आपण तेल थापतो आणि तिला पंगतीला बसवतो. मी हे दोन वर्षं केलं. शेवटी औषधांच्या दुकानातला दोन टक्के कीटोकोनॅझोलचा (हे बुरशीवरचं औषध) शाम्पू आठवड्यातून दोनदा, पाच मिनिटं ठेवून धुतला, तेव्हा महिन्याभरात कोंडा आटोक्यात आला. कोंड्यावर स्वयंपाकघरात याच्या तोडीचं मला काही सापडलेलं नाही.

एरंडेलाच्या वाटेला जपून जा. ते इतकं चिकट असतं की लांब केसांत भरपूर लावून धुतलं तर कधी कधी जट होते, आणि ती शेवटी कात्रीनेच निघते. ऑलिव्ह तेल कोरड्या त्वचेला लावणाऱ्यांनाही एक सांगते: २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात काही आठवडे ते लावल्यावर त्वचेचं वरचं आवरण कमकुवत झालं, सूर्यफूल तेलाने तसं झालं नाही.

आता केस गळणं. रोज ५० ते १०० केस गळणं नेहमीचं आहे. तुमचे त्याहून जास्त जात असतील तर दोन-तीन महिने मागे जाऊन आठवा: मोठा ताप, बाळंतपण, ऑपरेशन, उपाशी राहून केलेलं डाएट, यातलं काही झालं होतं का? धक्का बसतो तेव्हा केस लगेच जात नाहीत, दोन-तीन महिन्यांनी जातात. आपण मात्र त्या आठवड्यात बदललेल्या शाम्पूला दोष देतो. हे गळणं बहुधा सहा महिन्यांत आपोआप थांबतं आणि त्या सुमाराला जे काही लावत असू त्याला श्रेय मिळतं. (घरगुती उपायांची निम्मी कीर्ती अशीच झाली असावी, असा मला दाट संशय आहे.) असं काही आठवत नसेल, किंवा भांग रुंद होत चालला असेल, तर डॉक्टरांकडे जा आणि रक्तातलं लोह व थायरॉइड तपासून घ्या.

कांद्याच्या रसाचं नाव तुम्ही घेतलंय. त्यावर २००२ साली एक छोटा अभ्यास झाला होता. रस लावलेल्या २३ जणांपैकी २० जणांचे केस सहा आठवड्यांत परत आले. आकडा छान आहे, पण ते सगळे चाई पडलेले रुग्ण होते, म्हणजे गोल चकत्या पडून केस जाण्याचा आजार, आणि चाई बऱ्याचदा आपणहूनही भरून येते. विरळ होत जाणाऱ्या केसांना तो निकाल लावता येत नाही. शिवाय वास दोन धुण्यांत जात नाही.

काहीही नवीन लावायचं तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला, सकाळ-संध्याकाळ, सात दिवस, मगच चेहऱ्याला. आणि एका वेळी संपेल एवढंच कालवा. पाणी असलेल्या घरच्या लेपात जंतू मारणारं काही नसतं. मी एकदा काकडीचा लेप बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवला होता, पाचव्या दिवशी त्यावर बुरशी आली. आधीच्या चार दिवसांत डोळ्यांना न दिसणारं काय चेहऱ्याला लावलं, देव जाणे.

पुळ्यांचे डाग ऊन लागून गडद होतात, आणि ऊन अडवणारं मलम घरी बनत नाही. खोबरेलाने, गाजराच्या तेलाने बनतं असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. तुमची "बाजारातलं नको" ही अट एवढ्यापुरती मोडा आणि एसपीएफ ३० चं सनस्क्रीन आणा.

राहिलं अंडं. त्यातली प्रथिनं केसाला किंवा त्वचेला आत शिरण्याइतकी लहान नसतात, वरून थोडा थर बसून केस जाड वाटतात आणि धुतलं की गेलं. तरी करून बघायचं असेल तर पाणी थंड घ्या. मी हिवाळ्यात कडकडीत पाण्याने धुतलं होतं. अंडं डोक्यातच शिजलं, आणि पुढचे दोन दिवस कंगव्यातून भुर्जी निघत होती.