व्हीपीएनचे साडेसात हजार: सांगलीच्या ताईंना उत्तर

सांगलीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्या जीएसटीची आणि प्राप्तिकराची विवरणपत्रं भरून देण्याचं काम घरून करतात. हळद आणि बेदाण्याचे चौदा व्यापारी त्यांचे अशील आहेत. महिन्यातून चार-पाच दिवस पुण्याला जावं लागतं, तेव्हा लॉजच्या वायफायवर काम चालतं. दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या आईला 'आज रात्री वीज तोडणार' असा महावितरणच्या नावाने खोटा मेसेज आला. फोनवरच्या माणसाने एक ॲप घ्यायला लावलं आणि खात्यातून ३८ हजार रुपये गेले. तेव्हापासून ताईंची झोप उडाली आहे. दुबईतला भाऊ म्हणतो, 'इथे सगळे व्हीपीएन वापरतात, तूही घे.' व्हीपीएन म्हणजे आपली इंटरनेटवरची ये-जा एका मधल्या कंपनीमार्फत झाकून नेणारी सेवा. त्यांनी एका सेवेच्या पानाचा फोटो पाठवला आहे: २४ महिने आणि वर ३ महिने मोफत, ६,४८० रुपये. दुसरीकडे एक 'आजीवन' व्हीपीएन २,४९९ रुपयांना मिळतो आहे. कोणता घेऊ, असं त्यांनी विचारलं आहे.

ताई, आजीवनचा अजिबात नको आणि सत्तावीस महिन्यांचा आत्ता नको. पण तुम्ही हा प्रश्न ज्या काळजीपोटी विचारला, ती काळजी खरी आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझ्याकडे कोणी विमा घ्यायला आलं की मी आधी विचारतो, नेमकं कशाचं भय वाटतं? चोरीची भीती असणाऱ्याने आगीचा विमा काढला तर हप्ता जातो आणि चोरीचं नुकसान तसंच राहतं. तुमचं तेच होऊ घातलं आहे. आईंचे पैसे गेले ते फोनवरच्या माणसावर त्यांचा विश्वास बसला म्हणून. त्यांनी स्वतःच्या हाताने ॲप घेतलं आणि समोरच्याला आपला स्क्रीन दाखवला. त्या वेळी त्यांच्या फोनवर जगातला सर्वांत महागडा व्हीपीएन चालू असता तरी ३८ हजार गेलेच असते. आईंना मात्र कृपा करून दोष देऊ नका. या मेसेजने महाराष्ट्रभर शिकलेसवरलेले लोकही फसले आहेत.

व्हीपीएन काय करतो हे तुमच्याच बाजारपेठेतल्या उदाहरणाने सांगतो. तुमचे व्यापारी अंगडियाकडे पुडकं देतात. पुडकं मोहोरबंद असतं, आत काय आहे हे अंगडियाला दिसत नाही. पण ते कोणी दिलं आणि कोणाला पोचवायचं, हे त्याला माहीत असतं. आज बँकेची, जीएसटीची, ईमेलची संकेतस्थळं तुमची माहिती मुळातच मोहोरबंद करून पाठवतात. पत्त्याच्या सुरुवातीला जे एचटीटीपीएस दिसतं ते त्यासाठीच. लॉजच्या वायफायवर बसलेल्या माणसाला तुम्ही कोणत्या बँकेच्या संकेतस्थळावर गेलात एवढं कळू शकतं, पासवर्ड कळत नाही. व्हीपीएन घेतला की ते 'कोणत्या संकेतस्थळावर' हेही लॉजवाल्यापासून आणि इंटरनेट कंपनीपासून झाकलं जातं. पण ते आता व्हीपीएन कंपनीला दिसतं. म्हणजे अंगडिया बदलला, इतकंच. तेव्हा पैसे मोजताना विचारायचं ते हे की हा नवा अंगडिया जुन्यापेक्षा जास्त भरवशाचा आहे का?

या धंद्यात भरवसा कसा तुटतो, याचं एक उदाहरण आहे. फेसबुकने २०१३ साली ओनावो नावाची कंपनी विकत घेतली. तिचा व्हीपीएन मोफत होता आणि 'संरक्षण' या नावाखाली लोकांच्या फोनमध्ये बसला होता. लोक कोणती ॲप किती वापरतात ही माहिती त्यातून फेसबुककडे जात होती. ॲपलच्या आक्षेपानंतर २०१८ साली तो आयफोनच्या दुकानातून काढावा लागला आणि पुढच्या वर्षी पूर्ण बंद झाला. त्यामागे कोण आहे आणि तो पोट कशावर भरतो हे कळत नसेल, तर मोफत व्हीपीएन मी कुणालाही घेऊ देत नाही.

परीक्षणं वाचून ठरवलं, असं तुम्ही लिहिलं आहे. तिथेही सावध राहा. एक्सप्रेसव्हीपीएन ही कंपनी २०२१ साली केप टेक्नॉलॉजीजने ९३.६ कोटी डॉलरना घेतली. सायबरघोस्ट आणि प्रायव्हेट इंटरनेट ॲक्सेस याच समूहातले. आणि त्याच वर्षी या समूहाने व्हीपीएनमेंटॉर हे व्हीपीएनची परीक्षणं छापणारं संकेतस्थळही विकत घेतलं. नॉर्ड आणि सर्फशार्क यांचं विलीनीकरण २०२२ मध्ये झालं. दुकानात दहा पाट्या दिसतात, मालक त्यापेक्षा बरेच कमी. यूट्यूबवर कूपन सांगणाऱ्यालाही विक्रीमागे दलाली मिळते.

आता तुमच्या त्या फोटोकडे येतो. मोठ्या अक्षरात 'महिना फक्त २४० रुपये' लिहिलं आहे आणि शेजारी घड्याळ उलटं धावतं आहे, चौदा मिनिटं बत्तीस सेकंद उरलेली. हे घड्याळ तुम्हाला विचार करू न देण्यासाठी आहे. उद्या ते पान पुन्हा उघडून बघा. २४० चा हिशेब ६,४८० ला २७ ने भागून आला. त्यावर १८ टक्के जीएसटी १,१६६ रुपये, म्हणजे खिशातून एकदम जाणार ७,६४६ आणि महिन्याला पडणार २८३. त्याखाली राखाडी अक्षरात, फोटो मोठा केल्यावरच वाचता येईल अशी ओळ आहे: मुदत संपल्यावर वर्षाला ९,९९९ रुपये अधिक कर, आपोआप नूतनीकरण. कर धरून ते ११,७९९ होतात, महिन्याला ९८३. पहिल्या दराच्या जवळजवळ साडेतीनपट.

इथे एक बारकावा तुम्ही ध्यानात ठेवाच. कार्डावरून आपोआप कापली जाणारी रक्कम १५ हजारांपर्यंत असेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार दर वेळी ओटीपी लागत नाही. ११,७९९ त्याच्या आतच बसतात. कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना येते, पण ती रोजच्या पन्नास मेसेजमध्ये हरवते. माझ्याकडे येणाऱ्या एका जोडप्याचा वर्षाचा खर्च मांडत होतो, तेव्हा क्रेडिट कार्डाच्या विवरणात अशीच एक ओळ निघाली. दोन वर्षांपूर्वी एका क्रिकेट मालिकेसाठी घेतलेली सेवा होती आणि घेतली होती हेही दोघं विसरले होते. त्या संध्याकाळी आम्ही तिघांनी बसून ते नूतनीकरण बंद केलं. गेलेले पैसे काही परत आले नाहीत.

दर रुपयांत दिसला तरी विक्रेता परदेशात नोंदलेला असेल तर काही बँका वेगळं शुल्क लावतात, आणि डॉलरमध्ये पैसे गेले तर दोन ते साडेतीन टक्के विनिमय शुल्क आणि त्यावर कर पडतो. हा खर्च व्यवसायात दाखवता येईल असं तुमच्या मनात असेल, तर विवरणपत्र अनुमानित पद्धतीने (उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा नफा मानून) भरताना तो वेगळा वजा होत नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको.

'आजीवन'बद्दल थोडक्यात. सर्व्हरचं भाडं दर महिन्याला द्यावं लागतं, आणि तुमच्याकडून पैसे एकदाच आले. पाचव्या वर्षी ते भाडं कोण भरणार? व्हीपीएनसिक्युअर नावाच्या सेवेची मालकी बदलली आणि २०२५ साली नव्या मालकांनी जुन्या ग्राहकांची आजीवन खाती बंद केली. आपल्याला या वचनांची माहितीच नव्हती, असं त्यांचं म्हणणं. आयुष्य कुणाचं, ग्राहकाचं की कंपनीचं, हे त्या २,४९९ च्या पानावर कुठेच लिहिलेलं नाही.

आपल्या कायद्याचाही विचार करायला हवा. २८ एप्रिल २०२२ रोजी सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेने निर्देश काढले, त्यानुसार व्हीपीएन देणाऱ्यांनी ग्राहकाचं नाव, पत्ता, त्याला दिलेला आयपी पत्ता (इंटरनेटवर ओळख पटवणारा क्रमांक) ही माहिती पाच वर्षं जपून ठेवायची आहे. कंपन्यांच्या अंतर्गत व्हीपीएनला यातून सूट आहे. एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्ड आणि प्रोटॉन यांनी त्या वर्षी भारतातले सर्व्हर काढून घेतले. आज यादीत 'भारत' दिसला तरी तो सर्व्हर बहुधा सिंगापूरला किंवा लंडनला असतो, पत्ता तेवढा भारतीय. व्हीपीएन वापरणं भारतात गुन्हा नाही. पण तुमच्या कामाला यातून त्रास होईल तो असा: दुसऱ्या देशाचा सर्व्हर निवडला की परदेशी पत्त्यावरून आलेलं लॉगिन बँकेला संशयास्पद वाटतं आणि अनेक सरकारी संकेतस्थळं बाहेरच्या पत्त्यावरून उघडतच नाहीत. वीस तारखेला जीएसटीआर-३बी भरायच्या घाईत हे झालं तर तुम्ही पहिल्यांदा व्हीपीएनच बंद कराल.

मग पुण्यातल्या त्या चार-पाच दिवसांचं काय? लॉजचं वायफाय सोडा आणि स्वतःच्या मोबाईलचा हॉटस्पॉट लावा. विवरणपत्रं भरायला डेटा फारसा लागत नाही, आणि रोजचा दीड-दोन जीबी तुम्ही भरलेल्या रिचार्जमध्ये आहेच. साडेसात हजारांच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच मिळतं. शिवाय अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' ही संकेतस्थळांची नावं शोधताना होणारी विचारणा झाकणारी सोय आहे, तीही फुकट.

तुमच्या अशिलांच्या माहितीला खरा धोका कुठे आहे, हे मला तुमच्याच पत्रात दिसलं. चौदा जणांचे पॅन, आधारचे फोटो व्हॉट्सॲपवर येतात, तिथून फोनच्या गॅलरीत जातात आणि पोर्टलचे पासवर्ड एका एक्सेलच्या फाईलमध्ये, डेस्कटॉपवर. हा लॅपटॉप रात्रीच्या गाडीत उशाशी घेऊन तुम्ही प्रवास करता. तो चोरीला गेला तर? या आठवड्यात डिस्क एन्क्रिप्शन (पासवर्डशिवाय लॅपटॉपमधलं काहीच वाचता येऊ नये अशी सोय) चालू करा, पासवर्ड एखाद्या नावाजलेल्या पासवर्ड मॅनेजरमध्ये हलवा (चांगले मोफतही आहेत), ती एक्सेल पुसा, आणि साडेसात हजारांतले तीन-चार हजार एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर घाला. तिच्यात दर शनिवारी प्रत काढून ती कपाटात ठेवा.

आईंसाठी दुसरं बचत खातं काढा. यूपीआय फक्त त्यालाच जोडा आणि त्यात चार-पाच हजारांवर शिल्लक ठेवू नका. पेन्शन आणि मुदत ठेवी जुन्या खात्यात, तिथे यूपीआय नको. कार्डाचे परदेशी व्यवहार बंद ठेवा. १९३० हा ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी क्रमांक त्यांच्या फोनमध्ये 'पैसे गेले' या नावाने जतन करा, घाबरलेल्या माणसाला तेच नाव सापडतं. त्या ३८ हजारांची तक्रार १९३० वर आणि बँकेत लेखी दिली नसेल तर आजच द्या. ग्राहकाने स्वतः माहिती दिली असेल तर तक्रार नोंदवेपर्यंतचं नुकसान सहसा त्यालाच सोसावं लागतं, पण नोंदवल्यानंतर होणाऱ्या व्यवहारांची जबाबदारी बँकेची, हा रिझर्व्ह बँकेचा २०१७ पासूनचा नियम आहे.

एवढं करूनही तुमच्या मनाला वाटलं की मी काय पाहते ते इंटरनेट कंपनीला कळू नये, तर ती इच्छा पूर्ण योग्य आहे. खासगीपणाला कारण लागत नाही. मग महिन्याच्या बोलीवर घ्या. स्वीडनचा मुलव्हाड गेली कित्येक वर्षं महिन्याला ५ युरोच घेतो, साधारण ५०० रुपये. एक महिना घ्या की वर्ष, दर तोच. खातं उघडायला ईमेलसुद्धा मागत नाही, नुसता एक आकडा देतो. आपोआप नूतनीकरण त्यांनी २०२२ मध्ये स्वतःहून बंद केलं, कारण त्यासाठी ग्राहकाची माहिती साठवावी लागते. एप्रिल २०२३ मध्ये स्वीडिश पोलीस झडतीचं वॉरंट घेऊन त्यांच्या कार्यालयात गेले आणि ग्राहकांची माहितीच साठवलेली नसल्याने रिकाम्या हाताने परतले. माझ्या लेखी अशी परीक्षा कुठल्याही जाहिरातीपेक्षा मोठी. पैसे खर्च न करता बघायचं असेल तर स्वित्झर्लंडच्या प्रोटॉनची मोफत योजना आहे. तिला डेटाची मर्यादा नाही, फक्त एकाच उपकरणावर चालते आणि देश निवडता येत नाही. तिचा खर्च पैसे भरणाऱ्या ग्राहकांवर निघतो, हे ते उघड सांगतात. तीन महिने ती वापरा आणि किती दिवस खरोखर चालू केली याची वहीत खूण करा. महिन्याला दोन-तीनच खुणा निघाल्या तर पुढचा निर्णय तुम्हीच घ्याल.

आणि भावाशी एकदा बोला. तिथले लोक व्हीपीएन घेतात तो बहुधा घरी व्हॉट्सॲप कॉल लागावा म्हणून, त्यांची गरज तुमच्यापेक्षा वेगळी आहे. पण गुन्हा करण्यासाठी किंवा तो लपवण्यासाठी आयपी पत्ता बदलला तर अमिरातीच्या कायद्यात ५ लाखांपासून २० लाख दिरहमपर्यंत दंड आहे, आणि अडवलेली सेवा वापरणं यात कितपत मोडतं हे तिथे परक्या माणसाने अजमावून पाहू नये. बोटिमसारखी परवानगी असलेली ॲप तिथे चालतात. पुढच्या रविवारी आईंच्या फोनवर तेच घालून द्या, भावाला त्यावरूनच फोन करायला सांगा.