अ‍ॅनेरोबिकला वीज कमी लागते, मग सगळीकडे तेच का नाही?

तुम्ही विचारलंय की सांडपाणी शुद्ध करताना बिनहवेच्या, म्हणजे अ‍ॅनेरोबिकमध्ये हवा मारावी लागत नाही, गाळ कमी निघतो, वर मिथेनही मिळतो, तर हवा मारायच्या एरोबिक टाक्या बांधायच्याच कशाला? मी याच कामात आहे, आणि प्रश्न रास्त आहे. एरोबिक प्लांटच्या विजेतला साधारण निम्मा वाटा एकटे हवा मारणारे ब्लोअर खातात. शिवाय सीओडीचा (ऑक्सिजनच्या हिशोबात मोजलेली पाण्यातली सेंद्रिय घाण) निम्म्याच्या आसपास भाग जिवाणूंच्या अंगी लागून गाळ बनतो, तो पुन्हा निस्तरायचा. अ‍ॅनेरोबिकमध्ये हा गाळ फारच कमी.

मेख आहे ती सीओडी आणि तापमानात. मिथेन करणाऱ्या सूक्ष्मजीवांना ३५ अंशांच्या आसपासची ऊब मानवते. एक किलो सीओडी पचला की फार तर ०.३५ घनमीटर मिथेन मिळतो. घरगुती सांडपाण्याचा सीओडी लिटरला ५०० मिलिग्रॅम धरा, त्यातला ७० टक्के काढा: घनमीटर पाण्यामागे मिथेन जेमतेम ०.१२ घनमीटर. तो सगळा जाळला तरी तेवढं पाणी एका अंशानेच तापेल! त्यातलाही बराच पाण्यात विरघळून निसटतो. सीओडी १०,००० असेल तर मात्र वीसेक अंश सहज. म्हणून डिस्टिलरीच्या पाण्याला अ‍ॅनेरोबिक, आणि थंड हवेतल्या पातळ सांडपाण्याला एरोबिक. उष्ण हवेत घरगुती पाण्यावर यूएएसबी (पाणी गाळाच्या थरातून खालून वर नेणारी बिनहवेची टाकी) चालतो, ते वेगळं.

दुसरं म्हणजे अ‍ॅनेरोबिकचा स्वभाव. आम्ल करणारे जिवाणू झपाट्याने वाढतात, मिथेनवाले रेंगाळत. टाकीवरचा घाणीचा लोड एकदम वाढवला की आम्ल साचतं आणि मिथेनवाले बसतात. नुसत्या पीएचवर विसंबू नका. अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल झेलायची पाण्याची ताकद, संपत आल्यावरच तो घसरतो, तोवर उशीर झालेला असतो. मी आम्ल आणि अल्कलिनिटीचं गुणोत्तर बघतो. ते ०.३ च्या वर सरकायला लागलं की आधी फीड (आत जाणारं सांडपाणी) कमी करतो, मग गरजेप्रमाणे सोडा घालतो. एकदा बसलेली टाकी सावरायला आठवडे जातात.

आणि अ‍ॅनेरोबिकमधून अमोनिया जात नाही, उलट प्रथिनं फुटून थोडा वाढतोच. बीओडीही (जिवाणूंना पचणाऱ्या घाणीचं माप) नदीत सोडण्याइतका सहसा उतरत नाही. त्यामुळे सीओडी जास्त असेल तर मी दोन्ही लावतो: आधी अ‍ॅनेरोबिक, मागे छोटी एरोबिक टाकी. पाण्यात सल्फेट किती आहे तेही तपासून घ्या. ते जास्त असेल तर गॅसमध्ये हायड्रोजन सल्फाइड येतो, आणि तो इंजिनाला आणि माणसाला, दोघांनाही घातक.