सगळ्या मैत्रिणी सोपा विषय घ्यायलेत, मी काय करू?

"ताई, मी बीकॉम सेकंड इयरला आहे, अशोक चौकाजवळ राहते. पप्पा यंत्रमागावर कामाला आहेत, मी संध्याकाळी लहान पोरांच्या शिकवण्या घेते. ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे दुसऱ्या शाखेतला एक विषय, निवडायचाय. मला कॉम्प्युटरवर डेटा हाताळायचा विषय घ्यावासा वाटतोय पण घरी लॅपटॉप नाही. ग्रुपमधल्या सगळ्या दुसराच घ्यायलेत, तिथं म्हणे मार्क देऊन टाकतात, लेक्चरला बसावं पण लागत नाही. माझा सीजीपीए पडला तर? पुढं एमबीए करायचंय."

अगं पोरी, आधी सीजीपीएचा, म्हणजे सगळ्या सेमिस्टरच्या सरासरी पॉइंटचा, हिशोब करू, कॉमर्सची आहेस ना. हा विषय सेमिस्टरच्या 22 क्रेडिटपैकी 2 क्रेडिटचा, म्हणजे सरासरीत त्याचं वजन तेवढंच. समज सोप्यात दहापैकी 9 पॉइंट पडले असते आणि यात 6च पडले, तर त्या सेमिस्टरला पाव पॉइंटच्या आसपास जाईल, आणि तीन वर्षांच्या 132 क्रेडिटमध्ये बघितलंस तर 0.05 पण नाही. आणि एमबीएला आपल्याकडं कॅपमधून, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, नंबर लागतो तो सीईटी या प्रवेश परीक्षेच्या स्कोअरवर, पदवीला ओपनला 50 टक्के आणि राखीवला 45 टक्के असले की झालं. मग एवढ्याशासाठी का घाबरायचं?

सोपा विषय घेणं वाईट असं मी अजिबात म्हणत नाही हं. शिकवण्या उरकून रात्री नऊला जेवायला बसणाऱ्या पोरीनं एखाद्या जड सेमिस्टरला हलका विषय घेतला तर बरंच केलं, जीव आहे की मशीन? पण तुझ्या पत्रात दमल्याचं कुठंच नाही, तुला तो विषय पाहिजे आहे आणि फक्त भीती वाटतेय. आणि जिथं लेक्चरच होत नाही त्याला सोपं काय म्हणायचं, पप्पा दिवसभर मागाच्या खडखडाटात उभे राहून जे कमावतात त्यातून फी जाते आणि वर्ग रिकामा, मला तरी ते बघवत नाही. ओपन इलेक्टिव्ह दुसऱ्या फॅकल्टीतला घ्यायचा असतो म्हणून तर कॉमर्सच्या मुलीला सायन्सच्या लॅबमध्ये हक्कानं बसता येतंय, हेच उद्या बाहेर क्लास लावून शिकायचं तर पैसे मोजावे लागतील.

लॅपटॉपचं म्हणशील तर प्रॅक्टिकलच्या 1 क्रेडिटला 30 तास धरतात, म्हणजे बरंचसं काम लॅबमध्येच होतं. उरलेला सराव मोबाइलवर कर, पप्पांचे रोज किती टॉवेल निघाले, मजुरी किती झाली, उचल किती घेतली, हेच एका शीटमध्ये भरत जा, महिन्याभरात हात बसेल बघ.

फॉर्म भरायच्या आधी फक्त तीन गोष्टी विचारून घे: प्रॅक्टिकल किती आणि लेखी किती, लॅब तासाव्यतिरिक्त कधी उघडी असते, आणि विषय बदलायची शेवटची तारीख कुठली. लॅब फक्त तुझ्या शिकवणीच्या वेळेतच असेल तर परत लिही, मग वेगळं बघू. मैत्रिणींचं टेन्शन नको घेऊ, त्या कँटीनला भेटतातच की.