जुना पीसी भंगारात घालू नकोस भावा, आधी एवढं कर

भावा, बारा वर्षांचा पीसी आहे म्हणून लगेच नवीन घ्यायची गरज नाही. पण स्क्रू-ड्रायव्हर हातात घ्यायच्या आधी घरचे फोटो, कागदपत्रं बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरव आणि त्यातले दोन-चार फोटो उघडून बघ. नवखे इथंच चुकतात. बहिणीच्या लग्नाचे फोटो मी असेच घालवलेत, अजून जीव हळहळतो.

पैसे पहिल्यांदा एसएसडीवर घाल, म्हणजे जुन्या हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क. २४० जीबीची साधी साटा (हार्ड डिस्कच्याच केबलला लागणारी) एसएसडी बसव आणि मशीन कसं पळतंय बघ. मग रॅम, म्हणजे चालू कामाची मेमरी, ८ जीबी कर. कोल्हापुरात राजारामपुरीत रॅम घ्यायला जाताना जुनी पट्टी सोबत ने. डीडीआर३ आणि डीडीआर४ या रॅमच्या दोन पिढ्या, त्यांची खाच वेगवेगळ्या जागी असते, एकीच्या जागी दुसरी बसत नाही. बसत नसेल तर जोर लावू नकोस, खाच बघ. पट्टी काढताना आधी प्लग काढ, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लाव, अंगातली स्थिर वीज उतरते.

आता सिस्टिमचं:
- विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.
- विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. तुझा चौथ्या पिढीचा आय३ त्यात बसत नाही. आडमार्गानं ११ घालायच्या नादाला आत्ता लागू नकोस.
- लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टिम, पेनड्राइव्हवर घे, इन्स्टॉल न करता तिथूनच चालव. वायफाय, आवाज, प्रिंटर चालले की मगच डिस्कवर घाल.

ग्राफिक्स कार्डाचं नंतर बोलू. अडलास तर रॅमच्या पट्टीवरच्या स्टिकरचा फोटो पाठव, सांगतो.