बुग्यालवर मेंढ्या चारणंच बंद का करत नाहीत?

प्रश्न: मे महिन्यात उत्तराखंडात दयारा बुग्यालचा (बुग्याल म्हणजे डोंगरावरचं उंच गवताळ कुरण) ट्रेक केला. उतारावर काथ्याच्या जाळ्या आणि पिरूलच्या (चीडच्या वाळक्या पानांच्या) गुंडाळ्या लावलेल्या दिसल्या. गाइड म्हणाला, हवामान बदलल्यामुळे माती सुटतेय. मग चराई बंद का करत नाहीत? – एक वाचक, ठाणे

उत्तर: गाइडचं म्हणणं खरंय, मामला नुसत्या मेंढ्यांचा नाही. पायवाटेच्या कडेला वाकून बघितलं असेल तर आठवेल, वरचा हिरवा थर मुळांसकट ओठासारखा पुढे लोंबत असतो आणि खालची माती केव्हाच वाहून गेलेली असते. पूर्वी बर्फ जाडजूड पडायचा, सावकाश वितळायचा, गवताला पाणी हळूहळू मिळायचं. आता बर्फ कमी आणि पाऊस धो धो, त्यात बर्फाची रजई पातळ झाली की उघडी माती रात्री गोठते, दिवसा सुटते आणि भुसभुशीत होऊन पहिल्याच सरीत खाली जाते.

शिवाय वर चढताना दर १०० मीटरला तापमान साधारण ०.६ अंशाने उतरतं, म्हणजे एक अंश वाढला की झाडाझुडपांना दीडेकशे मीटर वर सरकायला वाव मिळतो. गवताने मात्र जायचं कुठे, वर तर नुसता खडक!

चराईबंदीचं म्हणाल तर त्याच राज्यातली फुलांची दरी बघा. १९८२ साली नॅशनल पार्क झालं, चराई थांबली, आणि नंतर अमेला नावाचं उंच झुडूप इतकं माजलं की ते दरवर्षी उपटावं लागतं. ते चराई थांबल्यामुळेच माजलं का यावर वाद आहे, पण नुसती बंदी घातली की फुलं सुखी, असं काही होत नाही हे मला पटलंय.

माझ्या मते कळप वर कधी न्यायचा हे कॅलेंडर बघून नाही, गवत बघून ठरवावं. बर्फ लवकर गेला म्हणून ओल्या मातीवर कळप घातला तर खुरांनी सगळं चिरडतं, आणि उशीर केला तर गवत जून होतं. एकाच जागी आठवडाभर तळ ठोकू नये, लेंड्यांच्या खताने तिथे जंगली पालक माजतो आणि गवत मागे पडतं. हे मेंढपाळांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं, त्यांना विचारून नियम करायला हवेत.

आणि आपणही त्यात आलोच. २०१८ साली उत्तराखंड हायकोर्टाने बुग्यालवर रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली ती ट्रेकर्समुळेच. पुढच्या वेळी पाऊस पडून गेला असेल तर फोटोसाठी हिरवळीवर पसरू नका, एकामागोमाग वाटेवरूनच चाला, चिखल असला तरी.