बिलावर नाव छाप

चि.,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबत जोडलेली, तुझ्या मसाल्याच्या नावाला हरकत घेणारी अमेरिकेतल्या एडिसन गावाहून आलेली नोटीस, दोन्ही वाचली. नोटिशीपेक्षा पत्राने मला जास्त अस्वस्थ केले, कारण तीन पानांत आजीचा उल्लेख अकरा वेळा आला आहे, पण अमेरिकेत पहिला डबा कोणत्या तारखेला गेला हे तू एकदाही लिहिलेले नाहीस. ‘सांगलीत सगळे ओळखतात, मग न्यू जर्सीतल्या बाईंनी माझ्याच आजीच्या नावाला हरकत का घ्यावी?’ असे तू विचारतेस. अगं, त्या बाईंनाही आजी असेल. गोडा मसाल्याला आजीचे नाव देणारी तू पहिली नाहीस.

सांगलीतल्या ओळखीचा तिथे उपयोग नाही, कारण व्यापारचिन्हाचा, म्हणजे ट्रेडमार्कचा, हक्क देशाच्या वेशीपाशी थांबतो. दिल्लीच्या ‘बुखारा’ या उपाहारगृहाचे नाव तुझ्या-माझ्यापेक्षा नक्कीच मोठे आहे. त्यांची न्यूयॉर्कची शाखा १९९१ मध्ये आणि शिकागोची १९९७ मध्ये बंद झाली. पुढे १९९९ मध्ये, पूर्वी बुखारात काम केलेल्या मंडळींचा सहभाग असलेले ‘बुखारा ग्रिल’ न्यूयॉर्कमध्ये उघडले. खटल्याच्या अपिलाचा निकाल २००७ मध्ये लागला तेव्हा न्यायालयाने सांगितले की वापर सोडल्यामुळे तिथला हक्क सुटला आहे. आपल्याकडे टोयोटाचे उलट बाजूने तेच झाले. जपानमध्ये ‘प्रियस’ गाडी १९९७ ची, आणि दिल्लीतला सुट्या भागांचा कारखाना ते नाव २००१ पासून वापरणारा. पण २००१ साली भारतात त्या गाडीची पुरेशी ख्याती होती हे टोयोटाला पुराव्याने दाखवता आले नाही, म्हणून डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कारखान्याच्या बाजूने कौल दिला. एवढी मोठी कंपनी जिथे कागदापाशी अडली, तिथे तू आजीच्या आठवणी घेऊन निघाली आहेस.

म्हणून पुन्हा सांगतो, बिलावर नाव छाप. नाव, तारीख आणि माल कुठल्या देशात गेला, या तिन्ही गोष्टी एकाच कागदावर दिसल्या पाहिजेत.

हे शहाणपण मला फार महाग पडले. २००६ पासून पाच वर्षे माझा कांदा-लसूण मसाला दुबईला जात होता. २०११ मध्ये तिथल्या वितरकाशी दरावरून बिनसले, मी दुसरा वितरक धरला आणि पहिलाच माल अडला, तेव्हा कळले की पहिल्याने माझे नाव तिथे स्वतःच्या नावावर नोंदवून ठेवले आहे. मी पाच वर्षांची शिपिंग बिले वकिलाच्या टेबलावर मोठ्या ऐटीत ठेवली. त्याने एकेक कागद उलटून पाहिला आणि विचारले, ‘यात तुमचे नाव कुठे आहे?’ प्रत्येक बिलावर ‘मसाला पावडर, ४० खोकी’ एवढेच होते. थोडक्यात लिही, असे कारकुनाला मीच सांगितले होते.

तुझ्या कुरिअरच्या पावत्यांचे फोटो पाहिले आणि डोके धरले. २०१९ पासूनच्या जवळजवळ प्रत्येक पावतीवर ‘घरगुती खाद्यपदार्थ, भेट’ असे लिहिले आहे! जकात वाचली असेल, पण विक्रीचा पुरावा गेला. शिवाय त्या थर्मल कागदाच्या पावत्या. दोन तर आत्ताच कोऱ्या पडल्या आहेत. उरलेल्यांच्या झेरॉक्स आजच्या आज काढ आणि पैसे जमा झाल्याचे बँकेचे उतारे त्यांना जोड.

अमेरिकेत नोंदणीला महत्त्व आहे, पण आधीच्या वापरालाही आहे. त्या बाईंचा अर्ज २०२२ चा आहे. त्याआधी तिथल्या ग्राहकांना तू याच नावाने माल विकत होतीस हे दाखवता आले, तर त्यांची नोंदणी रद्द करण्याची मागणी करता येते. मात्र सारख्या नावाने ग्राहकांचा गोंधळ होतो हे कारण नोंदणीपासून पाच वर्षांच्या आतच चालते. गेल्या महिन्यात तू मुंबईत जो अर्ज केलास, तो त्या भांडणात कामाचा नाही. पण त्या तारखेपासून सहा महिन्यांत कॅनडा आणि अमिरातीसाठी अर्ज केलास, तर तिथेही मुंबईचीच तारीख धरली जाईल. हे दोन्ही देश आता व्यापारचिन्हांच्या आंतरराष्ट्रीय नोंदणीच्या माद्रिद व्यवस्थेत आहेत, त्यामुळे एका अर्जात काम होते. माझ्या वेळी अमिरात त्यात नव्हती आणि तिथल्या थेट अर्जाचा खर्च ऐकून मी गप्प बसलो होतो.

त्या बाईंनी नोटिशीच्या शेवटी लिहिले आहे की नावापुढे गावाचे नाव जोडले तर त्या बोलायला तयार आहेत. बोल. पुण्यातल्या कॅम्पातले ‘बर्गर किंग’ १९९२ पासूनचे. त्याच नावाच्या अमेरिकी कंपनीने २०११ मध्ये घातलेला दावा पुण्याच्या न्यायालयाने फेटाळला तो २०२४ मध्ये, आणि त्यानंतरही प्रकरण उच्च न्यायालयात आणि सर्वोच्च न्यायालयात गेलेच. तुझ्याकडे तेरा वर्षे नाहीत.

तू म्हणशील, काका, तुम्ही स्वतः तडजोड नाकारली होती. नाकारली होती, सहा वर्षे लढलो आणि हरलो. पण त्या वितरकाने नाव माझ्या डब्यावरून उचलले होते. या बाईंनी तुझा डबा कधी पाहिलाही नसेल. उचललेल्या नावासाठी न झुकणे मला आजही चूक वाटत नाही. बिलावर नाव नसताना लढायला उभा राहिलो, ही चूक. घरचे दोन्ही गोष्टी एकाच हट्टात धरतात, त्यांच्याशी वाद घालणे मी सोडून दिले आहे.

नोटिशीची मुदत पंधरा दिवसांची आहे, त्यातले सहा गेले. शनिवारी येताना आजीच्या आठवणी घरी ठेव आणि तिची हिशेबाची वही आण. आणि लेबले छापणाऱ्या प्रेसमध्ये जाऊन २०१९ च्या बिलांची प्रत माग. तुझ्याकडची हरवली असतील, पण प्रेसवाले उधारीच्या भीतीने का होईना, जुनी बिले ठेवतात. आणि त्यांच्या बिलावर लेबलाचे नाव हमखास असते.

तुझा,
काका